दाराकडचं बाळ

कार्तिकात सकाळी माझं मौन असतं. उठल्यापासून तुळशीची अकरावी प्रदक्षिणा होईपर्यंत बोलायचं नाही, तोंडात पाण्याचा थेंब घ्यायचा नाही. अकरा वर्षांत हा नेम एकदाही मोडला नव्हता. त्या सोमवारीही मी तो मोडला नाही, आणि त्याच गोष्टीची भीती मला अजून वाटते.

आठला वीस मिनिटं कमी होती. मी देवाला गंध लावत होते. आतल्या खोलीत फोन वाजला, थांबला, पुन्हा वाजला. जाऊन पाहिलं तर माहेनूर. ही आमच्या ऑफिसातली मुलगी, ताजनापेठेत राहणारी, कामाला चोख. ऑफिसची किल्ली विसरली असेल, असं वाटलं. मी फोन पालथा घातला आणि देवापुढे येऊन बसले. तो एकूण पाच वेळा वाजला. प्रत्येक वेळी मी मनात म्हटलं, देवा, लक्ष विचलित होऊ देऊ नकोस.

आठ वीसला अकरावी प्रदक्षिणा झाली. तीर्थ घ्यायच्या आधी मी तिला फोन लावला.

"ताई, होत्या कुठं तुम्ही?" तिचा आवाज चढलेला होता. "एक सांगा. अमरावतीच्या वॉर्डाची ती खिडकी कोणत्या हाताला हाये?"

"डाव्या."

"आन् दार?"

"उजव्या. का गं?"

"मंग पाहा आता. उर्दू स्क्रीनचा फोटो टाकला मी."

फोटो पाहिला आणि मी तिथेच तुळशीजवळ खाली बसले.

आमचं ऑफिस अकोल्यात, जठारपेठेत, एका औषधाच्या दुकानाच्या माडीवर. आम्ही दवाखान्यांसाठी स्क्रीन तयार करतो. कोणतं बटण कुठे, कोणता रंग कशाला, हे ठरवणं माझं काम. बटणं, चौकटी, याद्या यांचा तयार संच मिळतो, त्याला टूलकिट म्हणतात. त्या टूलकिटसोबत नियमांचं पुस्तकही येतं. ते मी पोथीसारखं वाचलेलं आहे. त्यात सुरुवातीलाच लिहिलेलं आहे, की नुसत्या रंगावर आणि नुसत्या जागेवर अर्थ सोडू नका, सोबत अक्षर किंवा आकडा ठेवा.

हा नियम मी अमरावतीसाठी मोडला होता.

तिथल्या लहान बाळांच्या वॉर्डात सहा खाटा आहेत, तीन-तीनच्या दोन ओळी. दिवस पुरे न भरलेली, दुखणाईत बाळं तिथे ठेवतात. डावीकडे खिडकी, उजवीकडे दार. वॉर्डाच्या मुख्य सिस्टर पार्बताबाई, तीस वर्षं नोकरी झालेली बाई. पहिल्या भेटीतच त्यांनी मला बजावलं होतं, "लेकरायले नंबर नका देऊ बाई. नंबर जेलातल्या मान्सायले असते." बारशाआधी बाळाला नाव नसतं. आयांची नावं लावावीत तर काचेतून सगळे नातेवाईक वाचतात, म्हणून डॉक्टर नको म्हणाले. वॉर्डात सगळ्या जणी म्हणायच्याच तसं, खिडकीकडचं बाळ, मधलं बाळ, दाराकडचं बाळ. मला ते ऐकायला फार गोड वाटलं. मी वॉर्डाचं चित्र काढलं, भिंती, खिडकी, दार सगळं, आणि त्यावर सहा चौकटी ठेवल्या. चौकट हिरवी असली तर दूध द्यायचं, किती मिली ते आत लिहिलेलं. लाल असली तर तोंडाने काहीच नाही. बस, एवढंच. पार्बताबाईंनी माझ्या हातावर हात ठेवला होता. "आता समजते पाहा," म्हणाल्या.

वॉर्डातल्या सुरैय्या आपा सातवीपर्यंत उर्दू शाळेत शिकलेल्या. नळीतून बाळांना दूध देण्याचं काम त्यांच्याकडे. त्यांना दर वेळी कोणाला तरी विचारावं लागायचं, म्हणून डॉक्टरांनी उर्दू मागितली. अक्षरं माहेनूरने केली, मी टूलकिटमध्ये एक ओळ लिहिली, भाषा उर्दू, दिशा उजवीकडून. टूलकिटने सांगितल्याप्रमाणे सगळी मांडणी उजवीकडून डावीकडे केली. सहा चौकटीही पलटल्या. खालचं चित्र मात्र चित्र होतं, ते पलटत नाही. भिंत, खिडकी, दार जागच्या जागी राहिलं आणि वरची बाळं इकडची तिकडे सरकली. मधली दोन जागेवरच, म्हणून पटकन लक्षातही येत नाही.

"मले वाटलं, उर्दूत असंच असते," माहेनूर फोनवर सांगत होती. "आमचं सगळं इकडूनच असते ना. मंग मनात आलं, चित्र कावून नाही पलटलं? मी तर तो वॉर्ड पाह्यलाच नाही, ताई. तुम्हीच पाह्यला. म्हणून तर लावत होती फोन."

"डॉक्टर दहा वाजता सुरू करणार होते उर्दू," मी म्हटलं. "वेळ आहे. मी कळवते."

डॉक्टरांचा फोन बंद. पार्बताबाईंचा फोन ड्युटीत कपाटात असतो, तो नुसता वाजत राहिला. शेवटी दवाखान्याच्या चौकशीच्या खिडकीचा नंबर लावला.

"लहान बाळांच्या वॉर्डात एक निरोप द्यायचा आहे," मी म्हटलं. "उर्दू स्क्रीन सुरू करू नका म्हणावं."

"काय म्हणता? जोरानं बोला ना बाई, ऐकूच नाही येऊन राह्यलं."

मी पुन्हा सांगितलं. माझा आवाज मुळातच लहान. माहेरी मोठ्याने बोललेलं चालत नसे आणि सासरी तशी वेळ आली नाही.

"उर्दू?" तो माणूस हसला. "थे तं सकाळी सातलेच चालू झालं. सुरैय्या आपा पेढे वाटून राह्यली ना सगळ्याले."

वॉर्डात दूध दर तीन तासांनी देतात. आठ, अकरा, दोन. आठची वेळ होऊन गेली होती.

"भाऊ, वर जाऊन सांगा, स्क्रीन मराठीत करा. बाळांची अदलाबदल होते आहे. आत्ता सांगा."

"बाळं बदलले? आमच्या इथं असं नाही होत बाई."

"बाळं नाही, चौकटी..."

"बरं बरं. राउंड झाला की सांगतो." फोन ठेवला त्याने. पुन्हा लावला तर लागेना.

त्या स्क्रीनला बाहेरचं इंटरनेट नाही. कोणी बाहेरून काही बिघडवू नये म्हणून मीच तसा आग्रह धरला होता. उर्दूही आधी पेनड्राइव्हवरूनच गेली होती. म्हणजे इथे बसून मला काहीही दुरुस्त करता येणार नव्हतं.

माहेनूरचे वडील अब्दुल गफ्फार यांचा गाद्या-रजयांचा धंदा आहे. वीस मिनिटांत ते आपली जुनी गाडी घेऊन दारात आले. मागच्या सीटवर रुईचे पुंजके उडत होते. माहेनूर ऑफिसात थांबून फोन लावत राहणार होती. मी लॅपटॉप घेतला आणि बसले. तीर्थ तसंच पळीत राहिलं.

"बेटी, डर मत," ते म्हणाले. "अकराच्या आंधी पोचवतो तुले. किती लेकरं हायेत?"

"सहा. पण घोळ कोपऱ्यातल्या चौघांचा. खिडकीकडचं बाळ आणि दाराकडचं बाळ यांचा, दोन्ही ओळींत."

"चारही दूधच पेतात ना? मंग काय फरक पडते?"

तोच प्रश्न मी स्वतःला विचारत होते. चारही हिरवी असतील, सारखंच दूध असेल, तर काहीच बिघडणार नाही. पण एखादं लाल असेल तर? ज्याच्या आतड्याला सूज आली आहे, ज्याला तोंडाने काही देऊ नका असं डॉक्टर सांगतात, ते लाल. त्याच्या पोटात पंधरा मिली दूध गेलं तर काय होतं, हे डॉक्टरांनी मला पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. लाल रंग किती गडद हवा ते ठरवताना. "आतडं फाटू शकतं," ते म्हणाले होते, "म्हणून हा रंग दुरून दिसला पाहिजे." मी खूप गडद लाल निवडला. तो आता दुरून दिसत होता, फक्त चुकीच्या बाळावर.

आणखी एक गोष्ट आठवली. स्क्रीन बसवली त्या दिवशी मीच सिस्टर लोकांना म्हटलं होतं, "आता ड्युटी बदलताना तोंडी सांगायची गरज नाही. सगळं इथे दिसेल."

मूर्तिजापूरच्या पुढे माहेनूरचा फोन आला. चौकशीवाला म्हणतो निरोप दिला. कोणाला दिला ते सांगत नाही. वॉर्डातून कोणी फोन केलेला नाही.

"तू बोलते कशी त्यायच्याशी?" गफ्फारचाचांनी मला विचारलं. "अशीच? अवं, माह्या गाडीचं इंजिन तुह्यापेक्षा मोठ्यानं बोलते. तिथं जाऊन असंच बोलली तं तुले कोणी पानी नाही विचारनार."

मला हसू आलं नाही. मी मनात माळ ओढत होते, पण नामाच्या जागी आकडे येत होते. सात चाळीस. आठ. आठ वीस. पहिला फोन उचलला असता तर आठच्या आधी वीस मिनिटं होती. पार्बताबाई साडेसातला येतात, फोन कपाटात ठेवायच्या आधी चहा घेतात. कदाचित उचलला असता त्यांनी, कदाचित नसता. देवासाठी गप्प बसले होते मी. देवाला त्या वेळी माझं गप्प बसणं हवं होतं का, हे विचारायचंही धाडस होईना.

बडनेऱ्याच्या अलीकडे कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती. जिनिंगच्या फाटकापासून थेट रस्त्यापर्यंत. गफ्फारचाचांनी डोकं बाहेर काढून आरडाओरडा केला, एका गाडीवाल्याशी भांडले, दुसऱ्याला "भाऊ, लेकराचा मामला हाये" म्हणून हात जोडले, आणि कडेच्या मातीतून गाडी काढली. तेव्हा मी बोलून टाकलं, मनातल्या मनात, अंबामातेला. ज्या लेकराचं दूध बंद आहे, त्याच्या तोंडाला दूध लागेल तोवर माझ्या तोंडाला अन्न लागणार नाही. फळावर राहीन. तू फक्त त्याला ठेव.

अकराला दहा कमी असताना मी दवाखान्याचा जिना चढले. खाली पहारेकरी म्हणाला भेटायची वेळ चार. मी ऑफिसचं कार्ड दाखवलं आणि त्याचं पुढचं न ऐकता गेले.

वॉर्डाबाहेर लांब बोळ आणि मधे मोठी काच. काचेला एक मुलगी कपाळ टेकून उभी होती, कानाला रुमाल बांधलेला, अंगावर ढगळ गाऊन. बाळंतीण होती. तिच्या चेहऱ्यावर हसू होतं.

"कोणतं तुमचं?" मी विचारलं.

"थे पाहा ना, दाराकडचं. पोट्टी हाये माही." ती माझ्याकडे वळली. "काल राती दूध बंद केलं होतं डाक्तरनं, सूज हाये म्हने पोटात. रातभर रडली मी. आन् आज सकाळी आठले देल्लं ना! आताही देऊन राह्यले. बरी झाली वाटते."

काचेपलीकडे भिंतीवरची स्क्रीन दिसत होती. उर्दू अक्षरं सुंदर दिसत होती. चित्रातल्या खिडकीवर लाल चौकट. चित्रातल्या दारावर हिरवी, पंधरा. पार्बताबाई दुसऱ्या ओळीत पाठमोऱ्या उभ्या होत्या. त्या तीन दिवसांच्या रजेवरून त्याच सकाळी आल्या होत्या, हे मला नंतर कळलं. त्यांना उर्दू येत नाही. त्यांनी रंग पाहिला, जागा पाहिली, मी शिकवलं होतं तसंच. खिडकीकडच्या खाटेवर एक बाळ तोंड लाल करून रडत होतं, उपाशी. आणि दाराकडच्या खाटेशी सुरैय्या आपा. एका हातात बाळाच्या नाकातल्या नळीला जोडलेली उघडी सिरिंज, दुसऱ्या हातात दुधाची वाटी. त्यांनी ओठ हलवून बिस्मिल्ला म्हटलं आणि दूध ओतलं.

"थांबा," मी म्हटलं.

माझा आवाज मलाही नीट ऐकू आला नाही. मी काचेवर बोटं वाजवली. आत कोणी पाहिलं नाही.

मग माझ्या तोंडून जे निघालं तो माझा आवाज होता की काय ते मला माहीत नाही. दोन्ही हातांनी मी काच बडवली आणि ओरडले, "दूध थांबवा! आपा, दूध थांबवा! ते बाळ लाल आहे! खाली घ्या! हात खाली घ्या!"

बोळातले सगळे उठून उभे राहिले. पार्बताबाई गर्रकन वळल्या. सुरैय्या आपा भेदरून माझ्याकडे पाहत राहिल्या. हात तसाच वर, सिरिंजमधलं दूध हळूहळू उतरत होतं. मी माझा हात वर करून खाली आणून दाखवला. एकदा, दोनदा. त्यांना कळलं. त्यांनी सिरिंज खाटेच्याही खाली नेली. दूध थांबलं. मग नळीतून मागे येऊ लागलं, थोडं थोडं, सिरिंजमध्ये चढत गेलं.

माझ्या शेजारची मुलगी माझा दंड धरून विचारत होती, "काय झालं? काय झालं जी? लाल म्हंजे काय?"

पुढचा अर्धा तास नीट सांगता येत नाही. डॉक्टर धावत आले. स्क्रीन मराठीत गेली, तेव्हा सगळ्यांनी पाहिलं, दार लाल आणि खिडकी हिरवी. अकराचं बहुतेक दूध परत आलं होतं. आठचं मात्र आत गेलेलं होतं. पंधरा मिली. डॉक्टरांनी पोटाचा फोटो काढवला, ठोके वाढले होते ते पाहिले, औषध वाढवलं. दर तासाला फितीने पोट मोजायचं ठरलं. पोट फुगत गेलं तर ऑपरेशन, आणि एवढ्या जिवाचं ऑपरेशन म्हणजे काय ते त्यांनी बोलून दाखवलं नाही.

त्या मुलीचं नाव अपेक्षा. नांदगाव खंडेश्वरकडची. बाकावर आम्ही दोघीच उरलो. तिला वाटत होतं, मी कोणी मोठी डॉक्टरीण आहे.

"तुमी आल्या म्हणून," ती म्हणाली. "नाही तं माह्या लेकराचं काय झालं असतं? देवानंच पाठवलं तुमाले."

तेवढ्यावर मी गप्प राहू शकत होते. सकाळी एकदा राहिले होते.

"अपेक्षा," मी म्हटलं, "ती स्क्रीन मी केली आहे. चूक माझी आहे. आपांची नाही, सिस्टरांची नाही. आणि सकाळी मला कळवायला फोन येत होता, तो मी उचलला नाही. पूजेत होते."

ती माझ्याकडे वळली. डोळ्यांत पाणी नव्हतं. मग म्हणाली, "म्हंजे मी इथं उभी राहून हासून राह्यली होती, तवा..."

"हो."

"दोनदा हासली मी."

मला वाटलं मारेल ती मला. मारावं असंही वाटलं.

"बसा इथंच," ती उठत म्हणाली. "मी आंग धुऊन येतो, रातीपासून बसली हाये. तोवर हिच्याकडे पाहा. डोळा नाही हालला पाह्यजे तुमचा, सांगून ठेवतो."

मी काचेशी उभी राहिले. एवढंसं पोट, वर-खाली, वर-खाली. मधेच थांबल्यासारखं वाटायचं आणि माझाही श्वास अडकायचा. मग पुन्हा हलायचं. पाठीमागे कोणी बाळ वारल्याचं रडणं सुरू झालं तेव्हा ते दुसऱ्या वॉर्डातलं आहे हे कळायला मला फार वेळ लागला. अपेक्षा परत आली, माझ्या शेजारी उभी राहिली आणि पाण्याची बाटली माझ्या हातात दिली. "तोंड सुकलं तुमचं. प्या." मी प्यायले. पाण्याबद्दल नवस नव्हता.

बारा वाजता पार्बताबाई काचेशी आल्या आणि फितीवरच्या आकड्यावर बोट ठेवून दाखवलं. सव्वीस सेंटीमीटर. एक वाजता सव्वीस आणि अर्धा. अपेक्षाने माझा हात इतका घट्ट दाबला की बांगडी रुतली. दोन वाजता पुन्हा सव्वीस आणि अर्धा. तीन वाजता पार्बताबाईंनी फीत दोनदा लावली, डॉक्टरांना बोलावलं, तिसऱ्यांदा लावली. आम्हाला आकडा दिसत नव्हता, नुसत्या तिघांच्या पाठी दिसत होत्या. मग त्या वळल्या. सव्वीस. पाचच्या सुमारास डॉक्टर बाहेर आले. "अजून धोका आहेच," म्हणाले, "पण पोट फुगलेलं नाही. आठ-दहा दिवस दूध नाही. बघू."

दरम्यान मी वॉर्डातल्या टेबलाशी बसून लॅपटॉपवर दुरुस्ती केली होती. एकच ओळ, की या चित्राला दिशा लागू नाही. ती ओळ मी चारदा खोडून लिहिली. सुरैय्या आपा दाराशी उभ्या होत्या, पदर तोंडावर धरून.

"मराठीच राहू द्या, ताई," त्या म्हणाल्या. "माह्यासाठी झालं हे. पेढे वाटले मी, पेढे!"

"तुमच्यासाठी नाही झालं, आपा. मी न पाहता केलं म्हणून झालं. उर्दू राहील. इथे या आणि एकेक खाट मला बोट लावून दाखवा."

त्यांनी दाखवली. सहाही. मग मी पार्बताबाईंना विचारलं, "आता तरी नंबर लावू का?"

पार्बताबाईंची मान वर होईना. "लावा," म्हणाल्या. "जे लावायचं ते लावा."

"नाव लावा," मागून अपेक्षा म्हणाली. ती कधी आत आली होती ते कोणालाच कळलं नव्हतं.

"नाव?"

"माह्या पोरीचं. नाव नव्हतं म्हणून हे झालं ना? मंग लिहा. अदिती."

बाळ नऊ दिवसांचं होतं. माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं, "अगं, सोयर फिटायचं आहे अजून. बारसं..."

"दूध पाजतानी कोणी पाह्यलं सोयर?" ती म्हणाली. "लिहा म्हणतो ना."

डॉक्टरांकडे पाहिलं. ते म्हणाले, "लिहा. आईची हरकत नसेल तर माझीही नाही." आयुष्यात पहिल्यांदा मी सोयरात नाव घातलं. कानात कुर्र करायला आत्या नव्हती, पाळणा नव्हता. लाल चौकटीत नंबर टाकला आणि खाली टाइप केलं, अदिती. मग माहेनूरला फोन करून उर्दूत कसं लिहायचं ते विचारलं, आणि तेही टाकलं. भाषा बदलून पाहिली, पुन्हा बदलली, पुन्हा. चौकट दारावरून हलली नाही. तरी मी सात-आठ वेळा बदलून पाहिली. शेवटी पार्बताबाई म्हणाल्या, "पुरे करा आता, बाई."

त्यानंतरचे आठ दिवस मी फळावर काढले. ऑफिसात प्रत्येक स्क्रीन दोन्ही भाषांत उघडायची आणि दवाखान्याच्या फोटोशी ताडून बघायची, याशिवाय काही सुचत नव्हतं. अमरावतीहून रोज संध्याकाळी एक आकडा यायचा, पोटाचा, बाकी काही नाही.

नेम सोडला नाही मी. मौन तसंच ठेवलं. फक्त फोन आता आतल्या खोलीत नसतो, देवाच्या पाटाशी असतो.

नवव्या दिवशी तुळशीच्या सहाव्या प्रदक्षिणेला तो वाजला. घड्याळाकडे पाहिलं. आठला वीस मिनिटं कमी. पार्बताबाईंचा नंबर. सकाळी त्यांनी कधीच फोन केला नव्हता. संध्याकाळचा आकडा संध्याकाळी यायचा. सकाळचा फोन कशासाठी असतो, ते मला ठाऊक आहे. माझे सासरे गेल्याचा तसाच आला होता. हातातलं तांब्याचं पात्र कलंडलं आणि पाणी पायांवर सांडलं. ओल्या पायांनी मी पाटापर्यंत कशी पोचले ते आठवत नाही. तुळशीकडे एकदा पाहिलं. अकरा वर्षं, आणि पाच प्रदक्षिणा बाकी.

"बोला," मी म्हटलं.

पलीकडे नुसती खरखर. मग पार्बताबाई, "हॅलो? कोण? ऐकू नाही येऊन राह्यलं, मोठ्यानं बोला ना बाई."

"मी बोलतेय! गोदावरी! काय झालं?"

"हां, आता आलं. आता निंघून राह्यलो होतो घरी, रातपाळी होती, म्हटलं फोन कपाटातून काढलाच हाये तं सांगूनच जाऊ तुमाले. अदितीनं दोन मिली घेतलं पहाटे. ठेवलं पोटात. उलटी नाही, काही नाही."

मी पाटाशीच खाली बसले.

"गोदाबाई? हायेत ना तुमी?"

"आहे," मी म्हटलं, जेवढ्या मोठ्याने म्हणता आलं तेवढ्या मोठ्याने. "आहे. किती म्हणालात? पुन्हा सांगा."